सुटून आलेल्या पोराच्या हाताला काम

या महिन्याचा अभ्यासपाठ ग्रंथावरचा नाही. तो कायद्याच्या पुस्तकावरचा आणि त्याहून अधिक आपल्या गावच्या बाजारपेठेवरचा आहे. अठरा वर्षांच्या आत ज्याच्या हातून गुन्हा घडला आणि सरकारी गृहात काही काळ काढून जो परत आला, त्या मुलाने पुढे काय शिकावे, कोणाच्या हाताखाली शिकावे आणि त्याच्या पोटाची सोय कशी लागावी, हा आजचा विषय. असला विषय या पानांत कशाला, असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर साधे आहे. तो मुलगा सुटून जातो कोठे? मंत्रालयात जात नाही. तो एस.टी.तून उतरतो तो आपल्याच गावच्या फाट्यावर. आणि त्या फाट्यावर ज्यांचे गॅरेज आहे, पिठाची गिरणी आहे, वेल्डिंगची शेड आहे, त्यांतले कितीतरी जण आषाढीला पायी चालणारे आहेत.

वाल्याचा वाल्मीकी झाला, ही कथा आपण कीर्तनात किती वेळा ऐकली असेल! माना डोलावल्या, टाळ्या वाजवल्या. पण वाल्याचे मन पालटले आहे, मात्र अजून त्याचा वाल्मीकी व्हायचा आहे, अशा मधल्या काळात तो आपल्या दुकानी काम मागायला आला असता तर? 'कोणाचा रे तू? अरे, तो तूच ना!' एवढे बोलून आपण गल्ल्याचे कुलूप आधी चाचपले असते. या मधल्या काळाचाच आपण आज विचार करू. मुलगा बिघडतो कसा यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. तो सुटल्यावर पहिल्या सहा महिन्यांत त्याचे काय होते, यावर बोलणारे थोडे.

आधी थोडा इतिहास, कारण त्यात एक मजेची गोष्ट दडलेली आहे. आपल्या देशात अशा मुलांसाठी पहिला कायदा झाला तो १८५० साली, आणि त्याचे नावच मुळी शिकाऊ उमेदवारांचा कायदा असे होते. दहा ते अठरा वर्षांच्या अनाथ आणि गरीब मुलांना एखाद्या कारागिराच्या हाताखाली बंधपत्राने ठेवावे, त्याने त्यांना धंदा शिकवावा, अशी ती तरतूद होती. किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलालाही मॅजिस्ट्रेटने अशाच रीतीने कामावर लावून द्यावे, असे त्यात होते. म्हणजे मुलगा तुरुंगात न जाता सुताराकडे, लोहाराकडे जायचा. कायदा परक्या सरकारचा होता, त्यात उणिवाही होत्या. बंधपत्राखाली अडकलेल्या पोराला धनी कसा राबवील याची शाश्वती नव्हती. तरी पण एक गोष्ट त्या कायद्याने बरोबर ओळखली होती. पोराला भिंतीपेक्षा उस्तादाची गरज जास्त असते.

पुढे उस्ताद मागे पडला आणि संस्था पुढे आली. मुंबईत १८५७ साली सुधारगृह निघाले, तेच पुढे माहीमची डेव्हिड ससून औद्योगिक शाळा म्हणून नावारूपाला आले. १८७६ आणि १८९७ साली सुधारशाळांचे कायदे झाले. मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा १९२४ चा, आणि त्यापाठोपाठ १९२७ साली मुंबईत चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. विलायतेत केंट परगण्यातल्या बोर्स्टल नावाच्या खेड्यात १९०२ साली थोराड मुलांसाठी निराळा प्रयोग झाला. दिवसभर काम, धंद्याचे शिक्षण, आणि मुदत संपण्याआधी अटीवर सुटका. सुटलेल्या मुलावर देखरेख ठेवायला बाहेर माणसे नेमलेली असत. त्यावरून आपल्याकडे १९२९ साली मुंबई इलाख्यात बोर्स्टल शाळांचा कायदा झाला. विलायतेतली ती पद्धत १९८२ साली कायद्याने बंद केली. शाळेच्या भिंती, घंटा, गणवेश हे आपण तिच्यातून चटकन उचलले. बाहेर नेमलेली माणसे मात्र आपल्याकडे कायम तोकडीच पडली.

आता आजचा कायदा. तो २०१५ चा, १५ जानेवारी २०१६ पासून लागू झालेला बाल न्याय अधिनियम. त्यात 'बाल गुन्हेगार' हा शब्दच नाही. 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असा लांबलचक शब्द आहे. उच्चारायला जीभ वळत नाही हे खरे, पण त्यामागचा विचार चांगला आहे. गुन्हेगार ही मुलाची जात नव्हे, त्याची एकदा कायद्याशी टक्कर झाली, एवढेच त्यातून म्हणायचे. असा मुलगा साध्या कोर्टापुढे जात नाही. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांत निदान एक स्त्री, असे बाल न्याय मंडळ त्याचे प्रकरण पाहते. चौकशीच्या काळात गरज पडली तर तो निरीक्षणगृहात राहतो. दोष सिद्ध झाल्यास मंडळ समज देऊन घरी पाठवू शकते, समाजसेवेचे काम सांगू शकते, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकते किंवा फार तर तीन वर्षे विशेष गृहात पाठवू शकते. याच्या जोडीला शाळेत जा, किंवा धंदेशिक्षणाच्या केंद्रात जा, असा हुकूमही मंडळाला करता येतो. ही शेवटची तरतूद वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे. सोळा ते अठरा वयातल्या मुलाच्या हातून फार भयंकर गुन्हा घडला तर त्याची वाट निराळी आहे. ती या पाठात घेत नाही.

अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर जो संस्थेतून बाहेर पडतो, त्याच्यासाठी अनुरक्षणाची तरतूद आहे. अनुरक्षण म्हणजे मागाहूनची काळजी. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे ती एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि खास कारण असल्यास आणखी दोन वर्षे देता येते. सहा ते आठ मुलांनी मिळून राहायची तात्पुरती सोय, शिकत असेपर्यंत विद्यावेतन, कारखान्यात किंवा दुकानात काम मिळवून देण्याची खटपट, सल्ला देणारा माणूस, स्वतःचा धंदा काढायचा तर कर्जाची मदत, असे सगळे त्यात सांगितले आहे. मिशन वात्सल्य योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा मुलामागे दरमहा ४,००० रुपये धरले आहेत. कागदावर इतके आहे. कागदाला आम्ही नावे ठेवणार नाही, तो चांगलाच आहे.

पण यात एक फट आहे, आणि ती डोळ्यांत भरण्याजोगी आहे. अनुरक्षण कोणाला? संस्थेत राहून अठरा पूर्ण करून जो बाहेर पडला त्याला. आता कायदाच म्हणतो की मुलाला शक्यतो जामिनावर घरी सोडावे, संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय. तेही योग्यच. म्हणजे मग बरीच मुले पंधरवडा, महिना निरीक्षणगृहात काढून घरी येतात. पंधरवड्यात काय धंदा शिकणार? रंधा धरायचा कसा हे कळायच्या आत गाडी परतीची. शाळा तर आधीच सुटलेली असते. सुटलेली नसली तर या प्रकरणानंतर सुटते. वय सोळा, हात रिकामे, गावभर नाव झालेले. या मुलासाठी अनुरक्षणगृह नाही, सहा-आठ जणांची खोली नाही. त्याला जे काही शिकायचे ते गावातच, फार तर तालुक्याच्या ठिकाणी. म्हणून आम्ही म्हणतो की या प्रश्नाचे निम्मे उत्तर सरकारच्या हाती आहे आणि निम्मे फाट्यावरच्या शेडमध्ये आहे.

धंदा कोणता शिकवावा, याबद्दल आमचे मत जरा परखड आहे. संस्थांतून पिढ्यान् पिढ्या शिवणकाम, सुतारकाम, पुस्तकबांधणी, खुर्चीला वेत विणणे असले धंदे चालत आले. ते वाईट नाहीत. पण वेताच्या खुर्च्या आता किती घरांत आहेत? मुलगा दोन वर्षे विणतो, प्रमाणपत्र घेतो, गावी येतो, आणि गावात विणायला खुर्चीच नाही! असे शिक्षण म्हणजे पोराला वेळ घालवायला दिलेले काम. धंदा निवडताना तो मुलगा परत जाणार कोठे, हे आधी विचारावे. उसाच्या पट्ट्यातला असेल तर गळीत हंगामाच्या आधी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या दुरुस्तीला वेल्डर मिळत नाही, अशी तिथली ओरड असते. कोरडवाहू, विहिरींच्या भागातला असेल तर उन्हाळ्यात पाण्याच्या मोटारी जळतात, आणि मोटार भरून देणाऱ्याच्या दारात शेतकरी दोन-दोन दिवस बसून राहतात. ठिबकची जोडणी, दुचाकीची दुरुस्ती, फरशी बसवणे, रंगकाम, या कामांना दहा कोसांच्या आत गिऱ्हाईक असते. तेच शिकवावे. मुलाला विचारूनही घ्यावे हो! त्याला इंजिनाची आवड, आणि आपण त्याच्या हाती सुई देतो. मग म्हणतो, टिकत नाही.

मुलींची गोष्ट निराळी काढून सांगावी लागते, कारण त्यांना कोणी विचारतच नाही. कायद्याच्या कचाट्यात येणाऱ्या मुली संख्येने कमी असतात, म्हणून त्यांच्यासाठी शिवणयंत्र एके शिवणयंत्र. तालुक्यातल्या दवाखान्यांना, औषधांच्या दुकानांना, हिशेब ठेवणाऱ्या संगणकवाल्यांना माणसे लागतात. तिथे मुलगी का जाऊ नये? आणि सुटून आलेल्या मुलीचे लग्न उरकून टाकणे म्हणजे पुनर्वसन, ही समजूत आपल्या घरांतून अजून गेलेली नाही. अठरा वर्षांच्या आत लग्न लावणे हा तर वडील माणसांनी केलेला आणखी एक गुन्हाच.

शाळेचे काय? पुष्कळांना वाटते, एकदा शाळा सुटली की सुटली. तसे नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगी रीतीने दहावीला बसता येते, हे आपल्या वाचकांपैकी शिक्षकांना ठाऊक आहेच. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातूनही दहावी-बारावी होते, त्यासाठी रोज वर्गात बसावे लागत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आपण ज्याला नुसते आयटीआय म्हणतो तिथे, काही धंद्यांना दहावी लागते, पण वेल्डर म्हणजे संधाता आणि वायरमन म्हणजे तारतंत्री यांना आठवी पास चालते. वयाची चौदा वर्षे पूर्ण असली पाहिजेत. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, तारतंत्रीचा दोन वर्षांचा. म्हणजे सातवीतून शाळा सोडलेल्या सोळा वर्षांच्या पोराला आधी आठवीची पायरी गाठून दिली तर पुढचे दार उघडते. ही एक पायरी गाठून देणे हे गावच्या निवृत्त गुरुजीचे वर्षभराचे संध्याकाळचे काम. देवळाच्या ओवरीत बसून होण्यासारखे आहे. गणित कच्चे असते, तेथे घाई करू नये. वेल्डिंगला मापे लागतात, त्या निमित्ताने अपूर्णांक येतात, असा आमच्या ओळखीच्या शिक्षकमंडळींचा अनुभव आहे.

आता उस्तादाची गोष्ट. आयटीआयचे प्रमाणपत्र हाती आले म्हणजे काम झाले, असे नव्हे. धंदा खरा शिकतो तो दुसऱ्याच्या हाताखाली, शिव्या खात, चहा आणत, पाने उचलून देत. हे साध्या घरच्या मुलालाही चुकत नाही. पण साध्या घरच्या मुलाला मामा असतो, चुलता असतो, तो म्हणतो, 'आमच्या पोराला ठेवून घ्या.' या मुलाचा मामा तोंड लपवून बसलेला असतो. त्याच्यासाठी कोणीतरी असे म्हणणारा लागतो. माळकरी माणसाच्या शब्दाला गावात किंमत असते. ती किंमत इथे खर्च करावी, अशी आमची विनंती आहे. शब्द टाकणाऱ्याने पुढे महिन्यातून दोनदा तरी शेडवर चक्कर टाकावी, पोराची आणि धन्याची दोघांचीही चौकशी करावी. विलायतेने बाहेर माणसे नेमली होती ती हीच.

धन्याने काय सांभाळावे? पहिली गोष्ट पैशाची. मुलगा कामाला लागला आणि पगार महिन्याने, तर मधले तीस दिवस जायचे कसे? त्याचे जुने सोबती टपरीवर बसलेलेच असतात, ते आज संध्याकाळीच हातावर पैसे ठेवतात. महिनाअखेरचा पगार आणि आज संध्याकाळची नोट यांच्या शर्यतीत नोट जिंकते. म्हणून निदान पहिले तीन महिने पैसे आठवडी बाजाराच्या दिवशी चुकते करावे, निम्मे त्याच्या हाती आणि, त्याची कबुली घेऊन, निम्मे त्याच्याच बँकेच्या खात्यात. दुसरी गोष्ट वेळेची. अशा मुलाला मंडळापुढे तारखेला जावे लागते, परिविक्षा अधिकाऱ्याकडे हजेरी द्यावी लागते. त्या दिवसाचा खाडा धरून पैसे कापले तर तो एक तर तारीख चुकवील नाही तर काम सोडील. तिसरी गोष्ट गल्ल्याची. पहिल्या दिवशी तिजोरीची किल्ली द्या, असे आम्ही म्हणत नाही. तसे कोणाही नव्या पोराला देऊ नये. पण काही हरवले की सगळ्यांच्या देखत आधी त्याचाच खिसा तपासायचा, हे करू नये. असे एकदा झाले की तो दुसऱ्या दिवशी येत नाही.

चौथी गोष्ट कायद्याची, आणि ती धन्याच्या हिताची आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायचे नाही, मग हेतू कितीही चांगला असो. चौदा ते अठरा वयाच्या मुलाला खाणीत, स्फोटक किंवा पेट घेणाऱ्या पदार्थांच्या कामावर, घातक प्रक्रियांवर लावायचे नाही. २०१६ च्या दुरुस्तीने हे स्पष्ट झाले आहे. तेव्हा सोळाच्या पोराला कोणत्या कामाला हात लावू द्यायचा, हे आधी विचारून घ्यावे, आणि वेल्डिंगच्या ठिणगीपुढे कोणत्याही वयाच्या माणसाला काचेशिवाय बसवू नये. शिकवण्याच्या नावाखाली फुकट राबवणे हीही एक चोरीच आहे, फक्त तिला पोलीस येत नाहीत.

नाव झाले त्याचे काय, हा प्रश्न प्रत्येक बाप विचारतो. 'सरकारी नोकरी गेली, आता पोलिसांचा दाखला मिळायचा नाही.' ही समजूत बहुतांशी चुकीची आहे. कलम २४ सांगते की या कायद्याखाली ज्याचे प्रकरण निकालात निघाले त्याला त्या दोषामुळे कोणतीही अपात्रता लागू होत नाही. कागदपत्रेही अपिलाची मुदत किंवा सात वर्षे, एवढाच काळ ठेवायची आणि मग नष्ट करायची. कलम ७४ तर म्हणते की प्रकरण संपले असेल तर चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी ती नोंद उघड करायची नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने एका केंद्रीय सुरक्षा दलातील नेमणुकीच्या प्रकरणात उमेदवाराच्या लहानपणच्या खटल्यावरून त्याची नेमणूक नाकारू दिली नाही. अपवाद आहे तो वर सांगितलेल्या भयंकर गुन्ह्याचा, ज्यात सोळा वर्षांवरच्या मुलाला बाल न्यायालयाने प्रौढाप्रमाणे दोषी धरले असेल. बाकीच्यांच्या बाबतीत कायद्याने पाटी पुसून टाकली आहे.

पाटी पुसली जात नाही ती कट्ट्यावर. मुलाचे नाव, गाव, शाळा छापणाऱ्या वर्तमानपत्राला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कट्ट्यावर बोलणाऱ्याला कोण पकडणार? तेव्हा ज्याने पोराला कामावर घेतले त्याने गिऱ्हाइकाला, 'हा तो बरं का, सुधारतोय आता,' असे कौतुकानेसुद्धा सांगू नये. कौतुक करणाऱ्याला वाटते आपण चांगले बोललो. मुलगा पाना खाली ठेवतो आणि मान वळवतो.

इथे एक वाचक अडवील, आणि त्याने अडवावेच. ज्याच्या घरी चोरी झाली, ज्याचे डोके फुटले, त्याचे काय? त्याच्या मुलाला तर कोणी आयटीआयचे विचारले नाही! हा आक्षेप खोटा नाही. नुकसान झालेल्या माणसाला 'माफ कर' म्हणायचा अधिकार आम्हांला नाही, तुम्हांलाही नाही. ते त्याच्या मनाचे आहे. मंडळ मुलाला किंवा त्याच्या पालकाला दंड भरायला सांगू शकते. पण गावानेही एवढे पाहावे की मुलाच्या कमाईतून, त्याच्या राजीखुशीने, काही भाग त्या घरी जावा. रक्कम थोडी असेल. ती परिविक्षा अधिकाऱ्याला विचारून द्यावी, मुलाने एकट्याने त्या दारी जाऊ नये. मुलगा शिकला, कमावू लागला, तरच हे होऊ शकते. बेकार पोराकडून कोणाचे काय फिटणार?

आमच्या महाराष्ट्रात विश्वासाने माणूस उभा राहिल्याचे उदाहरण फार जुने आहे. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रिडमन यांच्या सूचनेवरून १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत काढली. त्यात भिंत नाही. कैदी शेती करतात, बायकामुले जवळ असतात. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आंखें बारह हाथ' हा चित्रपट याच कल्पनेवर बेतलेला, आणि त्याची कथा आमच्या माडगूळकरांची. ते कैदी प्रौढ होते, मुले नव्हती, त्यामुळे तुलना ताणू नये. मात्र तिथे शेत होते, बैल होते, पीक विकले जात होते. नुसत्या विश्वासावर वसाहत चालली नाही, विश्वासाला जमीन जोडलेली होती. चित्रपट पाहून डोळे पुसताना हे आपण विसरतो.

आणि आपल्या संप्रदायात तर हे नवे नाही. गोरोबाकाकांनी मडकी सोडली नाहीत, सावतोबांनी मळा सोडला नाही, नरहरी सोनारांची पेटी आणि सेना महाराजांचा वस्तरा हे शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होते. दिंडीत नवा आलेला पोरगा मागे काय करत होता हे कोणी विचारत नाही. त्याला पाण्याची घागर देतात, राहुटीच्या खुंट्या ठोकायला लावतात. चार मुक्कामांत तो आपला होतो. पण पंढरपूरहून परतल्यावर? वारी वर्षातून वीस-एकवीस दिवसांची, पोट तीनशेपासष्ट दिवसांचे. पोराच्या गळ्यात माळ घातली की आपली जबाबदारी संपली, असे मानणाऱ्या मंडळींशी आमचे पटत नाही. माळ घाला, जरूर घाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता शेडवर घेऊन जा.

अठरा ते एकवीस वयाच्या तरुणांविषयी एकच सांगून पुढे जातो. ते बाल न्याय मंडळाकडे जात नाहीत, साध्या कोर्टात जातात. पण १९५८ च्या परिविक्षा कायद्यात असे आहे की, जन्मठेपेस पात्र गुन्हा नसेल तर, एकवीस वर्षांखालच्या आरोपीला शक्यतो तुरुंगात न पाठवता देखरेखीवर सोडावे, आणि पाठवायचेच तर न्यायाधीशाने कारण लिहावे. अशा वेळी 'याच्या हाताला काम आहे, हा धनी त्याला ठेवायला तयार आहे,' असे परिविक्षा अधिकाऱ्याच्या अहवालात लिहिलेले असले तर पारडे बदलू शकते. तो धनी आपल्यापैकी कोणी असू शकतो.

ज्यांना हे काम करायचे मनात आले असेल त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याच्या कचेरीत जावे. तिथेच जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो, आणि परिविक्षा अधिकाऱ्याची भेट तिथे ठरवता येते. अडलेल्या मुलासाठी १०९८ हा फोन क्रमांक आहे. जाताना एक साधा अर्ज न्यावा: आपला धंदा कोणता, शेड कोठे, आठवड्याला किती रुपये देणार, काम शिकवणारा मिस्त्री कोण, सुट्टीचा वार कोणता, मुलगा दूरचा असेल तर जेवण्या-झोपण्याची सोय काय. मुलाची कागदपत्रे, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, आधारकार्ड, बँकेचे पासबुक, पुष्कळदा अर्धवट असतात. त्यासाठी गावच्या शाळेत दोन खेपा आपणच घालाव्यात, बापाला तिथे जायची लाज वाटते. अर्जात आपल्या कोणत्याही मुलाचे नाव घालू नये आणि गुन्ह्याचा उल्लेख मुळीच करू नये. 'शिकायची तयारी असलेला एक मुलगा हवा,' एवढेच लिहावे.